पडक्या वस्तीतलं जेरुसलेम

जेरुसलेम हे नाव उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं, ते तो कुठल्या घरात वाढला यावर ठरतं. माझ्यासारख्याच्या घरात या शहराचं नाव बैतुल मुकद्दस. मक्केकडे तोंड करून नमाज पढायला सुरुवात झाली त्याआधी मुसलमान या शहराच्या दिशेनं उभे राहत, म्हणून त्याला पहिला किबला म्हणतात. ज्यूंसाठी ते हरवलेल्या मंदिराचं शहर. ख्रिस्ती माणसासाठी क्रुसाचं आणि रिकाम्या थडग्याचं. आणि नुसती वर्तमानपत्रं वाचणाऱ्यासाठी, न मिटणाऱ्या भांडणाचं. पण आज मी ज्या 'जेरुसलेम'विषयी बोलणार आहे, ते पॅलेस्टाईनमध्ये नाही. ते इंग्लंडच्या मधोमध नॉर्थॅम्प्टन नावाच्या गावात, जेमतेम अर्ध्या चौरस मैलाच्या एका पडक्या, गरीब वस्तीत आहे. या वस्तीवर अ‍ॅलन मूर या लेखकानं सहा लाखांहून अधिक शब्दांची कादंबरी लिहिली. दहा वर्षं खपून लिहिलेली ही कादंबरी सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या अमेरिकी आवृत्तीची पानं भरली १२६६.

अ‍ॅलन मूर हे नाव आपल्याकडच्या तरुण मुलांना ठाऊक असतं, ते चित्रकथांमुळे. 'वॉचमेन', 'व्ही फॉर व्हेंडेटा', 'फ्रॉम हेल' या चित्रकथा त्यांनी लिहिल्या. जगभरच्या मोर्च्यांमध्ये तरुण मुलं एक पांढरा, मिशीवाला, हसरा मुखवटा घालून फिरताना आपण पाहिली आहेत. तो मुखवटा 'व्ही फॉर व्हेंडेटा'मधला. डेव्हिड लॉइड या चित्रकारानं तो रेखाटला आणि कथा मूर यांची. या कथांवर सिनेमे निघाले, पैशांचा पाऊस पडला. पण मूर यांनी त्यांतल्या काही सिनेमांवरून आपलं नाव काढून घ्यायला लावलं. १९५३ साली नॉर्थॅम्प्टनच्या 'बरोज' या कामगार वस्तीत जन्मलेला हा माणूस प्रसिद्धी मिळाल्यावर ना लंडनला गेला, ना हॉलिवुडला. गावातच राहिला.

हे गाव लंडनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. लोकसंख्या दोन लाखांच्या वर, तरी त्याला 'सिटी'चा दर्जा नाही. धंदा जोड्यांचा. क्रॉमवेलच्या सैन्याचे बूट इथं शिवले गेले, आणि इथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच मुळी 'कॉब्लर्स', म्हणजे जोडे शिवणारे. महागडे जोडे करणाऱ्या काही जुन्या कंपन्या आजही तिथं आहेत, पण गावाला पोसणारा तो धंदा विसाव्या शतकात आटत गेला. जुनं गाव म्हणजे बरोज. एके काळी तिथं राजाचा किल्ला होता. ११६४ मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट याच्यावर त्याच किल्ल्यात खटला चालला. पुढे किल्ला पाडला गेला, उरलंसुरलं एकोणिसाव्या शतकात रेल्वे स्टेशननं गिळलं. मग घरांची पाळी आली. वस्ती जुनाट, गलिच्छ, म्हणून एकेक रस्ता पाडत गेले आणि माणसं गावभर पांगली. सेंट अँड्र्यूज रोडवरचं मूर यांचं घरही त्यातच गेलं. मोकळ्या जागेवर उंच इमारती आल्या. पुढे त्यांतल्या दोन जुनाट झालेल्या मनोऱ्यांची डागडुजी झाली आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत नाव चढलं, 'न्यूलाइफ'. नवं आयुष्य! गरिबाला घर द्यायचं नसलं की निदान नाव तरी चांगलं द्यावं, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

आता कथा. 'जेरुसलेम'ची कथा एका वाक्यात सांगता येते आणि बाराशे पानांतही मावत नाही. १९५९ साल. मायकल वॉरन नावाचं तीन वर्षांचं पोर घशात खोकल्याची गोळी अडकून गुदमरतं. शेजाऱ्याच्या भाजीच्या गाडीतून त्याला दवाखान्यात पळवतात. ते पोचेपर्यंतची काही मिनिटं हे पोर मेलेलं असतं, आणि मग ते परत येतं. असा प्रसंग मूर यांच्या धाकट्या भावाच्या बाबतीत खरोखर घडला होता. कादंबरी विचारते : त्या मिनिटांत ते पोर कुठं होतं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कादंबरीचा सगळा मधला भाग, पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढे हाच मायकल, म्हणजे मिक, चाळिशी उलटल्यावर कारखान्यातल्या एका अपघातानंतर ते सगळं आठवू लागतो आणि आपल्या चित्रकार बहिणीला, अल्माला, सांगतो. ती त्यावर चित्रं काढते आणि जुन्या वस्तीतच त्यांचं प्रदर्शन मांडते. ही उंच, केस वाढवलेली, फटकळ अल्मा म्हणजे बाईच्या रूपातले मूर स्वतःच, हे ओळखायला वेळ लागत नाही.

पहिल्या भागात प्रत्येक प्रकरणात एक वेगळं माणूस या वस्तीतून चालत जातं, आणि काळ मागेपुढे होत राहतो. १८६५ मध्ये अर्न व्हर्नॉल हा कारागीर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटातली चित्रं दुरुस्त करायला परांचीवर चढतो, आणि भिंतीवरचा देवदूत त्याच्याशी बोलू लागतो. माणूस खाली उतरतो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतात. हे वेड की साक्षात्कार, तो रक्तातून पुढच्या पिढ्यांत उतरतो. आठव्या-नवव्या शतकातला एक साधू खांद्यावरच्या झोळीत दगडी क्रूस घेऊन जेरुसलेमहून चालत येतो. हा क्रूस देशाच्या मधोमध ठेवायचा, अशी त्याला आज्ञा असते, आणि तो मध्य निघतो नॉर्थॅम्प्टनमध्ये. १९०९ साली नाटक कंपनीबरोबर आलेला एक पोरगा थिएटरच्या कोपऱ्यावर सिगारेट ओढत उभा असतो. तो पुढे चार्ली चॅप्लिन होणार असतो.

यातलं एक माणूस मला सोडायला तयार नाही. हेन्री जॉर्ज. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला काळा माणूस. तो या गावात येऊन राहतो, भंगार गोळा करतो, आणि टायरऐवजी दोर गुंडाळलेल्या चाकांची सायकल चालवतो. त्याचं आवडतं भजन म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. ते लिहिणारा जॉन न्यूटन जवळच्याच ओल्नी गावचा पाद्री होता, हे कळल्यावर हेन्री मोठ्या भक्तिभावानं ते चर्च पाहायला जातो. तिथं त्याला कळतं की हा न्यूटन पाद्री होण्यापूर्वी गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता. हा इतिहास खरा आहे. न्यूटन यांनी १७८८ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिकाही लिहिली, पण ते भजन त्याच्या पंधरा वर्षं आधीचं. ज्या गाण्यानं आपल्याला आयुष्यभर धीर दिला, ते आपल्याच लोकांना साखळ्या घालणाऱ्यानं लिहिलं होतं, तर त्या गाण्याचं आता काय करायचं? हा प्रश्न मूर पंडिताला विचारत नाहीत. दोराच्या चाकांची सायकल हाती धरून उभ्या असलेल्या एका भंगारवाल्याला विचारतात. मला वाटतं, म्हणूनच तो इतका खरा वाटतो.

आणखी एक बाई सांगितली पाहिजे. मे वॉरन. तिची तान्ही पोर घटसर्पानं जाते. त्यानंतर ती वस्तीतली 'डेथमाँगर' होते. डेथमाँगर म्हणजे जी बाई घरोघरी बाळंतपणंही करते आणि मेलेल्या माणसाला आंघोळ घालून, आवरून शेवटच्या प्रवासाला तयारही करते. ही प्रथा वाचताना मला परकी वाटली नाही. आपल्या मोहल्ल्यांतही एक खाला असायची. मूल होताना तिला बोलवायचे, आणि घरातली बाई गेली की गुसल द्यायलाही तीच. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला त्याच दोन हातांनी धुवायचं. पुस्तकातली सगळी तत्त्वचर्चा बाजूला ठेवली तरी त्या हातांत तिचं सार आहे.

मधल्या भागात छोटा मायकल वरच्या जगात जातो. या जगाचं नाव 'मॅनसोल'. जॉन बन्यनच्या १६८२ मधल्या 'द होली वॉर' या रूपककथेतून ते घेतलेलं आहे. पण हा स्वर्ग संगमरवराचा नाही. तो याच बरोज वस्तीचा, याच गल्ल्यांचा, गुत्त्यांचा आणि जिन्यांचा; फक्त अफाट मोठा आणि लखलखीत. कारण तो इथल्या माणसांच्या स्वप्नांतून आणि आठवणींतून बनलेला आहे. मेलेल्या पोरांची एक टोळी तिथं हुंदडते. फिलिस पेंटर नावाची दांडगी मुलगी तिची म्होरकी. ही पोरं उंदरांनी भिंत पोखरावी तसा काळ पोखरून या शतकातून त्या शतकात जातात. आणि देवदूत? त्यांना तिथं 'बिल्डर' म्हणतात. ते बिलियर्ड्ससारखा एक खेळ खेळतात, आणि टेबलावरचा एकेक चेंडू म्हणजे एकेक माणसाचा जीव. आमच्याकडे मृत्यू आणि कयामत यांच्या मधल्या अवस्थेला बर्झख म्हणतात. लहानपणी ऐकलेल्या बर्झखमध्ये फार शांतता असे. मूर यांच्या बर्झखमध्ये मात्र गलका आहे, भांडणं आहेत, शिव्या आहेत. गरीब वस्तीतून उठून गेलेली माणसं असाच स्वर्ग करतील, याबद्दल मला शंका नाही.

या स्वर्गाला एक भोक पडलेलं आहे, आणि पुस्तकातला सगळा संताप त्या भोकाशी गोळा झालेला आहे. बरोजमध्ये नगरपालिकेनं एके काळी गावाचा कचरा जाळण्याची भट्टी बांधली होती. तिचं नाव 'डिस्ट्रक्टर'. भट्टी केव्हाच गेली. पण वरच्या जगात ती अजून पेटलेली आहे. आगीच्या भोवऱ्यासारखी ती फिरते आहे आणि स्वर्गाच्या भिंती, माणसांच्या आठवणी, स्वप्नं जाळत चालली आहे. सबंध गावानं आपला कचरा जाळायला हीच वस्ती का निवडली? कारण तिथल्या माणसांनाही ते त्याच यादीत धरत होते. एखाद्या वस्तीला एकदा कचऱ्याची जागा ठरवली की धूर फक्त हवेत राहत नाही, तो तिथल्या पोरांच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेत शिरतो. कचरा डेपोच्या शेजारी राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता पुस्तकाच्या गाभ्यातला विचार. मूर मानतात की काळ वाहत नाही. भूत, वर्तमान, भविष्य हे सगळं एकदमच, एखाद्या घट्ट ठोकळ्यासारखं अस्तित्वात आहे. आपण त्यातून सरकतो म्हणून आपल्याला तो वाहतो असं वाटतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादातून निघालेली विश्वाची एक कल्पना अशीच आहे. हे खरं धरलं, तर कुठलाही क्षण संपत नाही. पाडलेलं घर आपल्या जागी, आपल्या काळात कायम उभं आहे. घटसर्पानं गेलेली ती पोरसुद्धा तिच्या दीड-दोन वर्षांच्या आयुष्यात कायम हसते आहे. पुस्तकात तिचा मेलेला आजोबा स्नोई तिला खांद्यावर बसवून काळाच्या लांबच लांब सज्जातून चालत, थेट जगाच्या अंतापर्यंत घेऊन जातो. मरणाबद्दल इतकं मायेनं लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे.

पण इथंच माझं या पुस्तकाशी भांडणही सुरू होतं. सगळं आधीच घडून बसलेलं असेल, तर माणसाच्या हातात काय उरलं? पुस्तकातले देवदूत या प्रश्नावर हसतात, आणि माणसाला निवडीचं स्वातंत्र्य नाही असंच सांगतात. आम्हाला हा वाद नवा नाही. जे होणार ते 'लौहे महफूज'वर, म्हणजे जपून ठेवलेल्या पाटीवर आधीच लिहिलेलं आहे, असं आम्ही ऐकत आलो. इस्लामच्या पहिल्याच शतकात काही विचारवंतांनी विचारलं की, मग जुलूम करणाऱ्याचं काय? त्याच्या हातूनही अल्लाहनंच ते करवलं का? माणूस आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे, असं म्हणणाऱ्या या लोकांना कदरिया म्हणत. तेव्हाच्या उमय्या राज्यकर्त्यांना हे म्हणणं आवडलं नाही, यात नवल नाही. सिंहासनावर बसलेल्याला नशिबाची शिकवण नेहमीच सोयीची असते. वस्ती पाडायला आलेल्या अधिकाऱ्यालाही ती सोयीची. तुमच्या कपाळी होतं, असं म्हटलं की नुकसानभरपाईचा अर्ज लिहायलाच नको.

मूर यांच्या विचाराचा असा उपयोग कुणी केला, तर? बराच काळ मला हे पुस्तक या एका प्रश्नापाशी अडवून धरत होतं. तिसऱ्या भागात एका नगरसेवकाचं लांबलचक स्वगत आहे. तो स्वतःची वकिली करत राहतो, आणि ती ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की हा विचार दुधारी आहे. काही पुसलं जात नसेल, तर पाडलेलं घर जसं कायम आहे तसाच पाडणाराही कायम आहे. त्याची सही कायम आहे. ती फाइल वाळवीला खाता येणार नाही. काळ सगळं बरोबर घेऊन जातो, लोक विसरतात, या एका भरवशावर सत्ता चालते, आणि तो भरवसाच हे पुस्तक काढून घेतं. विसरण्यावर बंदी घातलेलं हे जग आहे. माझ्या मते पुस्तकाचं बळ त्याच्या गणितात नाही, इथं आहे.

पुस्तक आल्यानंतर दीडेक वर्षानं, फेब्रुवारी २०१८ मध्ये, नॉर्थॅम्प्टनशायरच्या काउंटी कौन्सिलनं आपल्यापाशी पैसे उरले नसल्याची कायदेशीर नोटीस काढली आणि नवा खर्च थांबवला. २०२१ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झालं. मूर यांनी कल्पिलेला आगीचा भोवरा जमाखर्चाच्या वहीतही फिरत होता, असं म्हणावं लागतं.

या गावाला कवींचा आणि वेड्यांचाही वारसा आहे. शेतमजूर कवी जॉन क्लेअर १८४१ पासून १८६४ मध्ये मरेपर्यंत इथल्या वेड्यांच्या इस्पितळात होता. गावातल्या ऑल सेंट्स चर्चच्या ओसरीत तो तासन् तास बसे. त्याच इस्पितळात पुढे जेम्स जॉइसची मुलगी ल्युसिया १९५१ पासून १९८२ पर्यंत राहिली आणि या गावच्याच मातीत गेली. ल्युसियाच्या ओळखीचा सॅम्युएल बेकेट तरुणपणी, १९२५ आणि १९२६ मध्ये, डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळला होता. नोबेल मिळालेला आणि प्रथम दर्जाचं क्रिकेटही खेळलेला हा एकमेव लेखक. मूर या सगळ्यांना एका ओसरीत आणतात. नाटकाच्या रूपातल्या एका प्रकरणात क्लेअर, बन्यन, बेकेट आणि साडेआठशे वर्षांपूर्वीचा तो थॉमस बेकेट चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारतात. ल्युसियाचं प्रकरण तिच्या वडिलांच्या शैलीत लिहिलेलं आहे. त्यातला प्रत्येक शब्द मोडून-जोडून केलेला. खरं सांगतो, ते मी मोठ्यानं वाचलं तेव्हाच थोडंफार हाती लागलं.

म्हणजे पुस्तक निर्दोष नाही. एक विशेषण पुरे असतं तिथं मूर चार घालतात. रस्त्याचं वळण सांगायला पान खर्च करतात. मधल्या भागातली पोरांची भटकंती शंभर पानांनी कमी झाली असती तरी चाललं असतं. ज्यांना वाचायची इच्छा आहे त्यांना माझा सल्ला असा : रोज वीसच पानं वाचा, दोन महिने द्या, आणि नॉर्थॅम्प्टनचा नकाशा जवळ ठेवा. पहिल्या भागातलं प्रत्येक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं वाचता येतं. तेवढं वाचलंत तरी हात रिकामे राहणार नाहीत.

आणि हे नाव? ते विल्यम ब्लेकच्या कवितेतून आलं. कारखान्यांच्या धुरानं काळवंडलेल्या आपल्या देशातच आपण जेरुसलेम उभारू, अशी ती प्रतिज्ञा. ह्यूबर्ट पॅरी यांनी १९१६ मध्ये तिला चाल दिली, आणि आता क्रिकेटच्या मैदानावरही इंग्रज ती गातात. नॉर्थॅम्प्टनमध्ये एक जुनं गोल चर्च आहे, होली सेपल्कर. पहिल्या क्रुसेडहून परतलेल्या सरदारानं सुमारे ११०० साली जेरुसलेममधल्या पवित्र थडग्याच्या चर्चच्या नमुन्यावर ते बांधलं, असं मानतात. १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल झाली होती. तेव्हा या एकाच गावात दोन जेरुसलेम आहेत. एक तलवारीनं जिंकून, त्याची प्रतिकृती करून आणलेलं. दुसरं, ब्लेकचं आणि मूर यांचं, कुणाकडून न हिसकावता आपल्याच गल्लीत विटेवर वीट ठेवून बांधायचं. पहिल्यासाठी आजही माणसं मरतात. दुसऱ्यासाठी लागतात ती डेथमाँगरसारखी माणसं, भंगारवाले, वेडे आणि चित्रं काढणाऱ्या बाया.

आपल्याकडेही नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा'त, भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'त, जयंत पवारांनी गिरणगावाच्या कथांत आपापली वस्ती भाषेत उभी केली. पण अजून कितीतरी मोहल्ले, वाडे, चाळी एकाही ओळीशिवाय जमीनदोस्त होत आहेत.

कादंबरीच्या शेवटी अल्माचं प्रदर्शन पाहून भाऊ तिला विचारतो की, या चित्रांनी आपली वस्ती वाचली का? घरं तर पडली ती पडलीच. तिच्या उत्तराचा आशय असा की जहाज वाचवतात तशी तिनं वस्ती वाचवली आहे, बाटलीत ठेवून. बाटलीतलं जहाज कुठल्या समुद्रावर जात नाही, कुणाला पार नेत नाही. त्यात राहायला जाता येत नाही. पण ते बुडतही नाही, आणि ज्यांनी ते बुडवलं त्यांना ते रोज फडताळावर दिसत राहतं. एवढं करायला मूर यांना दहा वर्षं लागली. आपल्यापैकी ज्याला आपल्या गल्लीतल्या दहा घरांची नावं, दहा माणसांच्या बोलण्याच्या लकबी आठवत असतील, त्यानं त्या आज रात्री लिहून ठेवल्या, तर बाटलीचा काचेचा तळ तरी तयार होईल.